गारगोटीतले सोने

हुलसूरच्या शिवारात काळ्या मातीखाली काळाच दगड लागतो. विहीर खणणाऱ्याला त्याची चांगली ओळख असते. पहार त्याच्यावर आदळली की हातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत मधूनमधून पांढरी गार सापडते. लहानपणी ओढ्यातून अशा गारा वेचून आणाव्यात, रात्री अंधाऱ्या खोलीत दोन गारा एकमेकींवर घासाव्यात आणि त्यातून उमटणारा फिकट उजेड पाहत बसावे, हा आमचा खेळ होता. घरातील वडीलधारी मंडळी तो पाहून हसत आणि म्हणत, 'घासा, घासा, सोने निघेल!' गारगोटीतून सोने निघणे ही त्यांच्या लेखी अशक्यतेची परिसीमा होती.

पुढे वाचनाच्या ओघात आम्हांला कळले, की ज्याची थट्टा होत असे ते काम आमच्याच जुन्या मुलखात, आमच्या गावापासून दक्षिणेला कृष्णेपलीकडे, दोन हजार वर्षांपूर्वी खरोखरच चालत होते आणि आजही चालते. रायचूर जिल्ह्याच्या लिंगसुगूर तालुक्यातील हट्टी हे ते ठिकाण. हुलसूर आणि हट्टी ही दोन्ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचनेत दोन्ही म्हैसूर राज्यात गेली. आणि २०१९ पासून ज्या विभागाला 'कल्याण कर्नाटक' असे नाव मिळाले आहे, त्याच विभागात दोन्ही मोडतात. ते नाव आमच्या शेजारच्या बसवकल्याणाचे स्मरण देणारे आहे. तरीही आमच्याकडील मराठी वाचकाला कोलारचे नाव जितके माहीत असते तितके हट्टीचे नसते. शेजारच्या घरातील संपत्तीचा पत्ता गावभर ठाऊक असावा आणि आपल्याच घरातील तळघर अंधारात राहावे, असा हा प्रकार आहे. त्या तळघरात थोडा दिवा दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम दगडाविषयी. आमच्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थरांवर थर साचलेला लाव्हा. त्याच्यात गारा आहेत, अकीक आहेत; परंतु त्या गारांत सोने नाही. हा थर दक्षिणेकडे संपतो आणि त्याच्या खालचे फार जुने खडक उघडे पडतात. धारवाडच्या नावाने ओळखले जाणारे हे खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत. त्यांच्या भेगांतून एके काळी अतिशय तप्त, दाबाखालील पाणी वर सरकत होते. त्या पाण्यात गंधकाच्या संगतीने अत्यल्प सोने विरघळलेले होते आणि गारेचे द्रव्यही होते. दाब कमी झाला, आजूबाजूच्या लोहयुक्त खडकाशी गंधकाचा संयोग झाला, की सोन्याला पाण्यात राहता येईना. ते गारेबरोबर भेगांतच बसले. काळ्या-हिरव्या खडकातून धावणारी ही पांढरी शीर म्हणजेच सोन्याची शीर. हट्टीपासून मस्कीपर्यंत गेलेला खडकांचा पट्टा, गदगजवळील कप्पतगुड्डचे डोंगर आणि कोलार ही सर्व या एकाच जुन्या कुळातील स्थळे आहेत.

शीर सोन्याची असली, तरी तिच्यात सोने किती असते? टनाला चार ग्रॅम सोने देणारा दगड हा खाणीच्या धंद्यात चांगला दगड गणला जातो. चार ग्रॅम म्हणजे सराफाच्या जुन्या भाषेत साधारण चार मासे. बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्यासाठी तीन टन दगड फोडावा लागतो. आणि काढताना काही अंश वाया जातोच, म्हणून तीन टनांहूनही अधिक. एक टन गारेमध्ये विखुरलेले हे सारे सोने एकत्र केले, तर त्याचा आकार हरभऱ्याच्या एका दाण्याएवढा भरेल. तेही सलग नसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपाने पसरलेले असते. एका सामान्य घरातील लग्नात दोन तोळ्यांचे मंगळसूत्र होते, तेव्हा त्यामागे मालमोटारीचा एक भरगच्च फेरा भरेल एवढा दगड कुठेतरी कोणीतरी भुईतून वर आणलेला असतो. हा हिशेब एकदा मनात बसला, की सोन्याचा इतिहास राजांच्या खजिन्यांपासून सुरू करावासा वाटत नाही.

तो हट्टीच्या जुन्या विवरांपासून सुरू करावा हे बरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूगर्भशास्त्रज्ञ या भागात फिरू लागले, तेव्हा त्यांना सोने शोधून काढावे लागले नाही. पूर्वजांनी जेथे जेथे ते काढले होते तेथील खड्डे आणि टाकाऊ दगडांचे ढीग त्यांना सापडत गेले. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली कप्पतगुड्डच्या सुवर्णयुक्त खडकांविषयी लिहिले आणि १८७६ साली दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे मॅक्लारेन यांनी १९०६ साली दक्षिणेतील सुवर्णक्षेत्रांवर टिपणे लिहिली, तर हैदराबाद संस्थानचे खाण निरीक्षक कॅप्टन मन यांनी रायचूर दुआबातील प्राचीन खाणींची गावोगाव नोंद घेतली. या सर्वांना एकाच गोष्टीने चकित केले. हट्टीतील जुनी विवरे वरवरची नव्हती. ती सुमारे ६४० फूट खोल गेलेली होती. प्राचीन काळातील इतक्या खोल खाणी जगात फार थोड्या आहेत.

विवरांच्या भिंती ढासळू नयेत म्हणून त्या लोकांनी लाकडाचे टेकू दिले होते. काही लाकूड तळाच्या ओलीत टिकून राहिले. कर्बमापनाने त्याचे वय काढले, तेव्हा ते सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले. रेमंड ऑलचिन यांनी १९६२ साली भारतातील प्राचीन सुवर्णखाणींचा जो साक्षेपी आढावा घेतला, त्यात मौर्य आणि त्यानंतरच्या सातवाहन काळाकडे बोट दाखविले आहे. पैठणचे राजे ज्या काळात दख्खनवर राज्य करीत होते, त्या काळात हट्टीच्या अंधारात माणसे उतरत होती.

ती काम कसे करीत? गार ही पोलादाच्या साध्या छिन्नीला सहज दाद देत नाही. म्हणून आधी अग्नीची मदत घेत. शिरेच्या तोंडाशी लाकडे रचून जाळ करायचा, दगड तापून लाल होऊ द्यायचा आणि मग त्यावर पाणी ओतायचे. तापलेला दगड तडकतो. तडकलेल्या जागी पाचर आणि घण चालतो. चुलीवर तापलेल्या तव्यावर थंड पाणी पडले तर काय होते हे घरातील बाईला जसे अनुभवाने माहीत असते, तसेच हे ज्ञान. परंतु स्वयंपाकघरात धुराला धुराडे असते; शेकडो फूट खोल विवरात धूर जाणार कोठे? एका जाळानंतर विवर निवेपर्यंत आणि धूर विरेपर्यंत थांबावे लागत असेल. शिवाय खाली पाझरणारे पाणी रोज उपसायचे, फोडलेला दगड टोपल्यांतून वर न्यायचा, दिव्याला तेल पुरवायचे, जाळायला लाकूड आणायचे. एक माणूस शीर फोडी, तेव्हा त्याच्यामागे अनेक माणसांची रांग उभी असली पाहिजे. ६४० फूट हा आकडा केवळ खोलीचा नाही. तो एका संघटित समाजाच्या कष्टाचा मापदंड आहे.

वर आलेला दगड कुटला जाई. हट्टी परिसरात उघड्या कातळावर उखळासारखे खळगे दिसून आले आहेत. आणि त्यांत दगड चिरडण्यासाठी वापरलेले ग्रॅनाइटचे प्रचंड गोटेही आढळले आहेत. पाटा-वरवंटा आणि उखळ-मुसळ या आमच्या घरातील जोड्यांचेच हे थोरले भाऊबंद. कुटून पीठ झालेला दगड पाण्याने धूत. गार पाण्याच्या अडीच पटींहून थोडी अधिक जड असते, तर सोने पाण्याच्या एकोणीस पटींहून जड असते. तेव्हा उथळ पात्रात पीठ आणि पाणी घेऊन ते हलवत राहिले, की गारेची पूड पाण्याबरोबर वाहून जाते आणि सोन्याचे कण तळाशी चिकटून राहतात. सुपात धान्य पाखडताना वाऱ्याने जे काम होते, ते येथे पाण्याकडून करवून घेतले जाते.

ही विद्या खाणीपुरतीच राहिली नाही. कप्पतगुड्डच्या ओढ्यांतून वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या जळगारांची हकीकत एकोणिसाव्या शतकातील अनेक लेखकांनी लिहून ठेवली आहे. महाराष्ट्रातील शहरांत त्यांचे व्यावसायिक भाऊ होते झारेकरी. झारेकऱ्याच्या वाट्याला डोंगरही नव्हता आणि ओढाही नव्हता. सोनाराच्या दुकानातील केर, भट्टीची राख, कधी स्मशानघाटावरची रक्षादेखील तो घेऊन जाई, धूत असे आणि शेवटी पाऱ्यात घोळवून त्यातले कणभर सोने मिळवीत असे. पारा सोन्याला आपल्यात घेतो, वाळूला घेत नाही. मग तो पारा तापवून उडवला की सोने मागे राहते. मोल्सवर्थच्या कोशात या शब्दाला जागा आहे. आज तो बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. तोट्याचे भय मनात ठेवून सोनाराच्या उंबऱ्यातली धूळ विकत घेणारा हा माणूस गावच्या बलुतेदारांच्या यादीतही नव्हता. दगड फोडणाऱ्यांच्या आणि धूळ धुणाऱ्यांच्या वाट्याला इतिहासाने सारखेच मौन दिले आहे.

राजांचे मात्र तसे नाही. त्या काळी सोन्याचे मोल काय होते, हे नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखावरून कळते. क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्याने दिलेल्या ७०,००० कार्षापणांच्या दानाचा हिशेब लेखात दिला असून, ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या दराने ते २,००० सुवर्ण होतात. नहपानाचा पाडाव करणाऱ्या सातवाहनांनी शिसे, तांबे, पोटीन आणि चांदी यांची नाणी पाडली. सोन्याची पाडली नाहीत. मग हट्टीचे सोने कोठे गेले? दागिन्यांत, दानांत, देवघरांत, व्यापाराच्या थैल्यांत. आणि वितळून पुन्हा वितळून पुढच्या पिढ्यांच्या अंगावर. सोन्याला गंज नाही, म्हणून त्याचा वंश तुटत नाही. आज एखाद्या आजीच्या बोरमाळेत त्या काळच्या दगडातील एखादा कण असणे अशक्य नाही. मात्र तो ओळखण्याचा कोणताही कस आपल्याजवळ नाही.

या पट्ट्यातील सोन्याने इतिहासाला एक देणगी अगदी अनपेक्षित रीतीने दिली. अशोकाचे शिलालेख जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास वाचले, परंतु त्यांतील राजा स्वतःला 'देवांना प्रिय' आणि 'प्रियदर्शी' म्हणवीत होता. तो अशोकच, हे सिंहलद्वीपातील बखरींच्या आधाराने ठरविण्यात आले होते. दगडावर नाव कोठेही नव्हते. १९१५ च्या जानेवारीत सुवर्णखाणींचे अभियंते बीडन मस्कीच्या परिसरात हिंडत असता त्यांना टेकडीतील एका शिळेवर ब्राह्मी अक्षरे दिसली. त्याच वर्षी एच. कृष्णशास्त्री यांनी तो लेख हैदराबादच्या पुरातत्त्व मालेत प्रसिद्ध केला. त्यात 'अशोक' हे नाव स्पष्ट होते. ऐंशी वर्षांचा तर्क त्या दिवशी सिद्धान्त झाला. सोने शोधायला निघालेल्या माणसाला सम्राटाचे नाव सापडले. ब्रह्मगिरीच्या शिलालेखात मौर्यांच्या दक्षिणेतील राजपुत्राचे ठाणे म्हणून 'सुवर्णगिरी'चा उल्लेख आहे. ते स्थळ नेमके कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु पाटलिपुत्राच्या सत्तेने इतक्या दूर दक्षिणेत पाय का रोवले, या प्रश्नाचे एक उत्तर त्या नावातच दडलेले असावे असे आम्हांस वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींचा आणि सोन्याचा असे दोन स्वतंत्र अध्यक्ष सांगितले आहेत, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

मध्यंतरीच्या कित्येक शतकांत हट्टीची विवरे बुजलेली राहिली. दुआबासाठी बहमनी आणि विजयनगर यांनी पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या, मुदगल आणि रायचूरचे किल्ले वारंवार हात बदलत राहिले. 'हट्टी' या कानडी शब्दाचा अर्थच गुराढोरांची वाडी असा होतो. ज्या भूमीखाली हे सारे दडले होते, तिला लोकांनी दिलेले नाव हे असे साधे होते.

आधुनिक पर्वाचा आरंभ मात्र साधा नव्हता. १८८६ साली निजाम सरकारने संस्थानातील खनिजांची सवलत दिली आणि तीतून लंडनमध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनी उभी राहिली. तिचे भांडवल दहा लाख पौंड दाखविण्यात आले. परंतु भागांचा बहुतेक हिस्सा सवलत मिळविणाऱ्यांनी स्वतःकडेच ठेवला होता, आणि निजाम सरकारला मात्र त्यांतील काही भाग चढ्या भावाने विकत घ्यायला लावण्यात आले. या व्यवहारात संस्थानचेच एक मोठे अधिकारी सरदार अब्दुल हक गुंतलेले होते. प्रकरण इतके गाजले, की १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने त्याची चौकशी केली. हट्टीच्या दगडातून सोन्याचा पहिला कण निघण्यापूर्वीच लंडनमध्ये कागदातून सोने काढण्यात आले होते! प्राचीन काळी ज्याला तीन टन दगड लागत, ते काम एका सहीने झाले.

खाणी पुढे चालल्या. वंदल्ली, टोपुलदोड्डी, हट्टी अशा ठिकाणी जुन्या विवरांच्या मागावर नव्या विहिरी खणल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हट्टी चांगली चालली आणि १९२० च्या सुमारास बंद पडली. १९३७ मध्ये निजाम सरकारने स्वतः तेथील काम पुन्हा हाती घेतले. जुलै १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनीची स्थापना झाली. राज्यरचनेनंतर ती म्हैसूर राज्याकडे गेली आणि हट्टी गोल्ड माइन्स कंपनी या नावाने ओळखली जाऊ लागली. आज ती कर्नाटक सरकारची कंपनी आहे. मल्लप्पा शाफ्ट नावाची तेथील विहीर आठशे मीटरांहून खोल गेली आहे. देवदुर्ग तालुक्यातील उटी येथील दगडही फोडण्यासाठी हट्टीलाच येतो. वर्षाकाठी एक ते दोन टनांच्या दरम्यान सोने तेथून निघते. देशाला लागणाऱ्या शेकडो टनांपुढे हे फारच थोडे. पण २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारच्या खाणी बंद झाल्यापासून भारतात मुख्यतः सोन्यासाठी चालणारी मोठी खाण म्हणून हट्टीचेच नाव घ्यावे लागते.

या नव्या पर्वात दगडातून सोने काढण्याची रीतही बदलली. तिच्या मुळाशी १८८७ साली ग्लासगो येथे जॉन स्टुअर्ट मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी घेतलेले पेटंट आहे. सोने आम्लाला दाद देत नाही, पण सायनाइडच्या अत्यंत विरल द्रावणात, हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने, ते हळूहळू विरघळते. त्यामुळे ज्या बारीक कणांना पाणी पकडू शकत नव्हते आणि पाराही चुकवीत होता, ते कणही हाती येऊ लागले. आज दगड प्रथम जबड्यासारख्या यंत्रात फोडतात, मग पोलादी गोळे भरलेल्या फिरत्या पिंपात त्याचे पीठ करतात. जाडसर सोने हलत्या मेजांवर पाण्याने वेगळे केले जाते, म्हणजे झारेकऱ्याचीच रीत यंत्राने पुढे चालते. हट्टीच्या दगडात गंधक आणि सोमल यांची खनिजेही सोन्याला चिकटून असतात. ती फेसावर तरंगवून वेगळी काढावी लागतात. उरलेला लगदा सायनाइडच्या टाक्यांत ढवळत ठेवतात. द्रावणात उतरलेले सोने पूर्वी जस्ताच्या चुऱ्यावर उतरवीत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकापासून नारळाच्या करवंटीच्या कोळशावर शोषून घेण्याची रीत जगभर रूढ झाली आहे. कोळशावरून ते पुन्हा द्रावणात घेऊन विजेच्या साहाय्याने पत्र्यावर बसवितात आणि टाकणखार घालून भट्टीत आटवितात. आमच्या बिदरच्या कारागिराला जस्ताचा उपयोग बिदरी भांड्याच्या काळ्या अंगासाठी माहीत आहे. तेच जस्त सोन्याला पाण्यातून बाहेर बोलावते, हे त्याच्याही कानावर घालायला हवे.

खाणीतून निघालेली वीट शंभर नंबरी नसते. तिचे शोधन करावे लागते. या शेवटच्या टप्प्यावर मराठी माणूस भारतभर पसरलेला आहे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त भागातील तरुण गेली अनेक दशके 'गलाई'च्या धंद्यासाठी देशभरातील सराफी पेठांत जाऊन राहिले आहेत. मोडीचे सोने आटवायचे, त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून पातळ तुकडे करायचे, नत्राम्लात उकळायचे. चांदी आणि तांबे आम्लात विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपाने शुद्ध सोने उरते. ती भुकटी धुऊन आटवली की पुन्हा पिवळा रंग झळकतो. पाऊस न पडणाऱ्या गावाने आपली मुले परक्या गावांतील आगीशी आणि आम्लाच्या वाफेशी बसविली, म्हणून त्या गावांत माड्या उभ्या राहिल्या. झारेकरी गेला, गलाईवाला आला. दोघांनीही दुसऱ्याच्या सोन्याला हात लावला आणि त्यातील कणावर संसार केला.

आता या इतिहासातील जड भाग. गार फोडली की धूळ होते. ती धूळ अतिसूक्ष्म असते, श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि परत येत नाही. फुप्फुस तिच्याभोवती गाठी धरते. हळूहळू चार पावले चालणेही अवघड होते. सिलिकोसिस नावाचा हा रोग भारतात प्रथम नोंदला गेला तो १९३४ साली, कोलारच्या खाणीत. पुढे १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कोलारचे सात हजार सहाशेंहून अधिक कामगार तपासले होते. त्यांतील शंभरांमागे चाळिसांहून अधिक जणांना हा रोग असल्याचे आढळले. आता दगड ओला ठेवून छिद्रे पाडतात, हवा खेळती ठेवतात, मुखपट्ट्या देतात. परंतु रोगाला औषध अजूनही नाही. गार तीच आहे आणि फुप्फुसही तेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जाळाच्या धुरात दगड फोडणाऱ्यांची फुप्फुसे कोणी तपासली नाहीत. त्यांतील किती जण चाळिशी पाहू शकले असतील?

दुसरी गोष्ट उरलेल्या पिठाची. टनभर दगडातून चार मासे काढून घेतल्यावर जवळजवळ टनभरच पीठ मागे राहते. कोलारला अशा पिठाचे डोंगर झाले आहेत. त्यांत तीन कोटी टनांहून अधिक माल पडून आहे. तेथील लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. उन्हाळ्यात वारा सुटला की ती पांढरी धूळ वस्तीवर येते. त्या डोंगरांतही थोडे सोने शिल्लक आहे, म्हणून ते पुन्हा धुण्याच्या योजनेला कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने २०२४ साली संमती दिली. झारेकऱ्याचा धंदा असा सरकारदरबारी परत आला आहे. त्या धुळीतील सोन्याचा हिशेब होईल यात शंका नाही. वस्तीच्या श्वासाचा हिशेब होतो की नाही, याकडे लक्ष ठेवले पाहिजे.

सीमाभागात राहणाऱ्या आम्हां लोकांना इतिहासाची एक सवय लागली आहे. १९५६ मध्ये बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा, उदगीर एकीकडे, भालकी, हुमनाबाद दुसरीकडे, जहिराबाद, नारायणखेड तिसरीकडे. तेव्हापासून कोणते गाव कोणाचे, हा प्रश्न आमच्या बोलण्यात सतत येत राहिला आहे. त्या प्रश्नाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. परंतु हट्टीच्या विवराशी मनाने उभे राहिले, की त्या प्रश्नाचा स्वर थोडा बदलतो. तेथे उतरलेले लोक कोणती भाषा बोलत होते, हे सांगायला त्यांनी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही. पैठणच्या राजाने त्यांचे सोने नेले असेल, पाटलिपुत्राच्या राजाने त्यापूर्वी नेले असेल, निजामाने आणि लंडनच्या भागधारकांनी नंतर नेले. मालक बदलत गेले. खाली उतरणारा माणूस मात्र बहुतेक वेळा आसपासच्याच वाडीतला राहिला.

आमच्या घरांतील थोरांनी गारगोटीची जी थट्टा केली होती, ती आम्हांला आज वेगळ्या अर्थाने आठवते. आमच्या शिवारातल्या गारेत सोने नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. ज्या गारेत ते आहे, तीतूनही ते घासून निघत नाही. जाळ, घण, पाणी, पारा, विष आणि माणसाचा श्वास एवढे सारे खर्ची पडते, तेव्हा टनामागे हरभऱ्याएवढे हाती लागते. आमच्या परिसरातील जुन्या सराफी पेढ्यांच्या वह्या, झारेकऱ्यांच्या वंशजांच्या आठवणी, गलाईसाठी गाव सोडलेल्यांची पत्रे, हट्टीला नोकरीसाठी जाऊन आलेल्या कोणाचे अनुभव, हे सारे अजून मिळण्यासारखे आहे. आपल्या सभासदांपैकी कोणाच्या घरी असे काही असेल, तर ते रद्दीत जाण्यापूर्वी लिहून ठेवावे. राजांचे हिशेब दगडावर कोरले गेले आहेत. दगड फोडणाऱ्यांचे कोरले गेले नाहीत. ते निदान कागदावर तरी यावेत.